तडा सापडला, पण तो खोल किती?

अणुवीज केंद्रात जवळपास प्रत्येक यंत्राला जोडीदार ठेवलेला असतो. एक पंप बंद पडला तर दुसरा, बाहेरची वीज गेली तर डिझेल जनरेटर, तोही सुरू झाला नाही तर आणखी एक. मुख्य दाबपात्राला मात्र जोडीदार नाही. आज जगात सर्वाधिक वापरात असलेल्या, दाबाखालच्या पाण्यावर चालणाऱ्या अणुभट्टीत इंधन एका प्रचंड पोलादी पात्रात असतं. त्याची भिंत २० सेंटिमीटरहून जाड असते. आतलं पाणी ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेलं, आणि ते उकळू नये म्हणून वातावरणाच्या सुमारे १५५ पट दाबाखाली धरलेलं. हे पात्र फुटलं तर पुढे काय करायचं याची सोय आराखड्यात नसते. ते फुटणारच नाही, हे दाखवून द्यावं लागतं. भट्टी एकदा सुरू झाली की ते बदलणं व्यवहारात शक्य नसतं.

मग भिंतीच्या आत, विशेषतः वेल्डिंगच्या सांध्यांत, तडा आहे का हे बघायचं कसं? कापून बघता येत नाही. इतक्या जाड आणि स्वतःच किरणोत्सारी झालेल्या भिंतीवर एक्स-रे काढणं अवघड, आणि क्ष-किरणांच्या दिशेला आडवा असलेला बारीक तडा तसाही फिल्मवर नीट उमटत नाही. उरतो तो आवाज.

कानाला ऐकू न येणारा आवाज, म्हणजे अल्ट्रासाउंड. माणसाचा कान सेकंदाला साधारण २० हजार कंपनांपर्यंत ऐकतो. पोलाद तपासायला १० लाख ते ५० लाख कंपनं वापरतात. एवढी जास्त कशासाठी, तर पोलादात आवाज सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर वेगानं जातो. ५० लाख कंपनं घेतली की एका लहरीची लांबी जेमतेम १.२ मिलिमीटर भरते, आणि लहर जितकी आखूड तितकी बारीक खोट दिसते. आवाज निर्माण करतं ते प्रोबमधलं, म्हणजे धातूवर टेकवायच्या छोट्या उपकरणातलं, दाबविद्युत स्फटिक. वीज दिली की ते थरथरतं, आणि बाहेरून थरथरवलं की वीज देतं. जॅक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये शोधलेला हा गुणधर्म आजही प्रत्येक प्रोबच्या पोटात आहे. प्रोब आणि धातू यांच्यामध्ये पाणी किंवा जेल मात्र हवंच. मध्ये हवेची पातळ फट जरी राहिली तरी जवळपास सगळा आवाज तिथूनच मागे फिरतो. खरं तर तडा सापडतो तोही याच कारणानं. तडा म्हणजे धातूतली फटच.

धातूत आवाज सोडायची कल्पना सर्गेई सोकोलोव्ह यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीला लेनिनग्राडमध्ये मांडली होती. एका बाजूनं आवाज पाठवायचा, दुसऱ्या बाजूला किती पोचला ते पाहायचं. पुढचं पाऊल अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या फ्लॉइड फायरस्टोन यांचं. छोटासा ध्वनिस्पंद सोडायचा, आणि त्याच बाजूला थांबून प्रतिध्वनी ऐकायचा. १९४० मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, १९४२ मध्ये ते मिळालं. यंत्राचं नाव होतं सुपरसॉनिक रिफ्लेक्टोस्कोप. एकाच बाजूनं काम भागत असल्यामुळे ही पद्धत कारखान्यांत झपाट्यानं पसरली, आणि अणुभट्ट्या आल्या तेव्हा त्यांनीही तीच उचलली.

इथेच अडचणीचं मूळ आहे. पडद्यावर प्रतिध्वनी एखाद्या शिखरासारखा उमटतो. शिखर उंच तर खोट मोठी, बुटकं तर छोटी, असा सरळ हिशेब धरला जायचा. त्यासाठी एका नमुन्याच्या ठोकळ्यात ठरावीक व्यासाचं भोक पाडायचं, त्याचा प्रतिध्वनी मोजायचा आणि प्रत्यक्ष सापडलेल्या खोटीचा प्रतिध्वनी त्याच्याशी ताडून बघायचा. ठरलेल्या टक्क्यांच्या वर गेला तर नोंद, खाली राहिला तर सोडून द्यायचा.

हिशेब दिसतो नेटका, पण तड्याला तो मानवत नाही. भोक गोल असतं, कुठूनही आवाज आला तरी थोडा परत पाठवतं. तडा सपाट असतो. तो जरासा कलता असला तर आवाज भलतीकडेच फेकतो आणि प्रोबकडे जवळपास काहीच येत नाही. तड्याच्या दोन्ही कडा दाबानं एकमेकींना घट्ट चिकटल्या असतील तर आवाज सरळ आरपार निघून जातो. म्हणजे गुळगुळीत, घट्ट मिटलेला, थोडा तिरपा तडा, जो सगळ्यांत धोक्याचा, तोच सगळ्यांत हळू बोलतो. उलट वेल्डिंगमध्ये अडकलेला धातुमळीचा निरुपद्रवी तुकडा मोठ्यानं ओरडतो.

आकार मोजायची तेव्हाची रूढ युक्तीही अशीच लंगडी. प्रोब हळूहळू सरकवायचा, आणि शिखर निम्म्यावर आलं की तिथे तड्याची कड आहे असं मानायचं. पण प्रोबमधून निघालेला झोत पुढे जाताना पसरतो. तडा त्या झोतापेक्षा लहान असेल तर माप निघतं ते झोताच्या रुंदीचं, तड्याचं नव्हे.

मोजमाप एवढं काटेकोर कशाला हवं? तडा आहे म्हटल्यावर दुरुस्त करून टाकावा, असं कुणाच्याही मनात येईल. पण जाड पोलादी पात्रात काही ना काही खोटी असतातच, आणि त्यातल्या बहुतेक जन्मभर जागच्या हलत नाहीत. उगाच कोरून पुन्हा वेल्डिंग केलं तर नवे ताण तयार होतात. निर्णय सगळा खोलीवर असतो. तड्याच्या टोकाशी ताण किती एकवटतो हे तड्याच्या खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. त्यात वर्षानुवर्षांच्या न्यूट्रॉनच्या माऱ्यानं गाभ्यासमोरचं पोलाद ठिसूळ होत जातं. आणि सगळ्यांत वाईट वेळ येते ती आणीबाणीत. तापलेल्या भिंतीवर गार पाणी सोडावं लागलं की आतला थर एकदम आकसू पाहतो आणि आतल्या बाजूचा तडा उघडला जातो. अशा वेळी तो किती खोल असला तरी चालेल हे गणितानं काढता येतं. प्रत्यक्षात तो किती खोल आहे, हे मात्र तपासणीनंच सांगायचं असतं.

ब्रिटनमध्ये ७० च्या दशकात हा प्रश्न एकदम राजकीय झाला. तोवर तिथल्या जवळपास सगळ्या वीजभट्ट्या वायूनं थंड होणाऱ्या होत्या. आता अमेरिकी धाटणीच्या, पाण्याच्या भट्ट्या घ्यायच्या का, असा विषय निघाला. सरकारचे माजी मुख्य वैज्ञानिक सल्लागार आणि नामांकित धातुशास्त्रज्ञ सर अ‍ॅलन कॉट्रेल यांनी दाबपात्रातल्या तड्यांबद्दल उघड शंका घेतली. भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर मार्शल यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट बसला. त्याचा पहिला अहवाल १९७६ मध्ये आला आणि सुधारित १९८२ मध्ये. भट्टीची सुरक्षितता तपासणीच्या विश्वासार्हतेवर किती टेकलेली आहे, हे त्यातून लख्ख दिसलं.

त्याच सुमारास या तपासणीचीच तपासणी झाली. पिस्क नावाच्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात, मुद्दाम खोटी ठेवलेल्या जाड पोलादी प्लेटा वेगवेगळ्या देशांच्या पथकांनी तपासल्या. मग त्या प्लेटा कापून आत खरोखर काय आहे ते बघितलं. शिखराच्या उंचीवर बेतलेली तेव्हाची अमेरिकी तांत्रिक नियमसंहितेतली रीत जशीच्या तशी वापरणाऱ्यांच्या हातून मोठमोठ्या खोटीही निसटल्या होत्या. या व्यवसायाला बसलेला हा बहुधा सगळ्यांत उपयोगी धक्का.

मॉरिस सिल्क तेव्हा ऑक्सफर्डशायरमधल्या हार्वेलला होते. ब्रिटिश अणुऊर्जा प्राधिकरणाच्या तिथल्या प्रयोगशाळेत, वस्तू न मोडता तपासण्याच्या तंत्रासाठी एक राष्ट्रीय केंद्र होतं. सिल्क यांनी सहकाऱ्यांबरोबर ७० च्या दशकात जी पद्धत उभी केली तिचं नाव टाइम ऑफ फ्लाइट डिफ्रॅक्शन. आद्याक्षरांनी टीओएफडी, या धंद्यातली माणसं नुसतं 'टॉफ्ड' म्हणतात. कल्पना दोन वाक्यांत मावते. प्रतिध्वनी किती मोठा आला याकडे दुर्लक्ष करा. तो कधी आला, तेवढं मोजा.

मोठेपणा फसवतो, कारण तो तड्याच्या कलावर, खडबडीतपणावर, प्रोब किती नीट टेकलाय यावर, अगदी मधल्या पाण्याच्या थरावरही अवलंबून असतो. वेळेला यातल्या कशाशीही फारसं देणंघेणं नाही. आवाजाचा पोलादातला वेग ठाऊक आहे. वेळ कळली की अंतर कळलं.

पण तडा आवाज परतच पाठवत नसेल तर वेळ मोजणार कशाची? यासाठी सिल्क यांनी तड्याच्या पृष्ठभागाचा नाद सोडला आणि टोकं धरली. समुद्राची लाट धक्क्याच्या भिंतीच्या टोकाशी आली की त्या टोकापासून नव्या गोलाकार लाटा उठतात आणि भिंतीच्या आडोशालाही पोचतात. ध्वनिलहर तड्याच्या टोकाशी पोचली की तेच होतं. याला विवर्तन म्हणतात. विवर्तित लहर सगळ्या दिशांना पसरते, त्यामुळे तडा कसाही कललेला असला तरी तिचा थोडा अंश प्रोबपर्यंत येतोच. तड्याला टोकं दोन, एक वरचं आणि एक खालचं. दोन्हींचे संदेश वेगवेगळ्या वेळी येतात, आणि त्या दोन वेळांत तड्याची उंची दडलेली असते.

मांडणी अशी. वेल्डिंगच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर एकेक प्रोब, एक बोलणारा आणि एक ऐकणारा. ऐकणाऱ्याकडे पहिल्यांदा पोचते ती पृष्ठभागालगत सरळ गेलेली लहर. सर्वांत शेवटी येतो तो भिंतीच्या पलीकडच्या पृष्ठभागावरून आपटून आलेला प्रतिध्वनी. मध्ये तडा असेल तर या दोघांच्या दरम्यान आणखी दोन बारीक खुणा उमटतात.

एकदा आकडे घालून पाहू. दोन प्रोबमधलं अंतर १०० मिलिमीटर धरू. आवाज एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, ५.९ मिलिमीटर जातो. पृष्ठभागालगतची लहर १०० मिलिमीटर सरळ जाते, म्हणजे १६.९५ मायक्रोसेकंदांनी पोचते. पुढची खूण १९.७७ ला आली. या वेळात आवाज ११६.६ मिलिमीटर गेला, म्हणजे तड्याच्या टोकापर्यंत ५८.३ आणि तिथून पुन्हा तेवढाच. आता काटकोन त्रिकोण डोळ्यांसमोर आणा. कर्ण ५८.३, पाया ५०, तर उरलेली बाजू ३०. वरचं टोक ३० मिलिमीटर खोलीवर आहे. दुसरी खूण २२.१४ मायक्रोसेकंदांना असेल तर त्याच हिशेबानं खालचं टोक ४२ मिलिमीटरवर. तडा १२ मिलिमीटर उंच. यात लागलं ते सगळं शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय. वेळ मोजण्यात दशांश मायक्रोसेकंदाची चूक झाली तरी ४२ मिलिमीटरच्या खोलीवर फरक पडतो तो अर्ध्या मिलिमीटरचा. शिखराची उंची बघून एवढी अचूकता कधीच आली नसती.

कोणती खूण वरच्या टोकाची आणि कोणती खालच्या, हेही लहरच सांगते. वरच्या टोकाकडून आलेली लहर पृष्ठभागालगतच्या लहरीच्या उलटी असते, म्हणजे तिचा चढ तिथे हिचा उतार. खालच्या टोकाची लहर पुन्हा सुलटी येते. दोन वेगवेगळ्या छोट्या खोटी एकाखाली एक असल्या तर त्या एकच मोठा तडा म्हणून गळ्यात पडू नयेत, यासाठी हा उलटसुलटपणा फार कामाला येतो.

टोकाकडून आलेले हे संदेश फार क्षीण असतात. जुन्या पद्धतीनं पडद्यावर एकेक शिखर बघत बसणाऱ्याला ते दिसलेच नसते. म्हणून प्रोब सरकताना प्रत्येक जागचा संदेश डिजिटल रूपात साठवायचा, अनेकदा घेऊन त्याची सरासरी काढायची, आणि सगळे संदेश शेजारी शेजारी लावून करड्या छटांचं चित्र बनवायचं, हा भागही तितकाच महत्त्वाचा ठरला. चित्रात टोक एका कमानीसारखं उमटतं, आणि जो संदेश एकटा असताना गोंगाटात हरवतो तो शंभरांच्या रांगेत डोळ्यांना सापडतो. हार्वेलच्या मंडळींनी यासाठी झिपस्कॅन नावाची यंत्रणा घडवली. संगणक स्वस्त होऊ लागण्याच्या काळात ही कल्पना आली, हे तिचं नशीब. दहा वर्षं आधी ती कागदावरच राहिली असती, असं मला वाटतं.

८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये पुन्हा अशा चाचण्या घेतल्या गेल्या. या वेळी प्लेटांमध्ये दाबपात्राच्या आतल्या स्टेनलेस स्टीलच्या अस्तराखाली दडलेल्या खोटीही होत्या. टॉफ्डनं मोजलेले आकार आणि नंतर कापून मोजलेले आकार चांगलेच जुळले. साइझवेल बी या दाबाखालच्या पाण्यावर चालणाऱ्या पहिल्या ब्रिटिश वीजभट्टीची जाहीर चौकशी जानेवारी १९८३ ते मार्च १९८५ अशी ३४० दिवस चालली, आणि पात्र तपासता येतं का हा तिथला एक कळीचा मुद्दा होता. नुसती नवी पद्धत दाखवून भागलं नाही. रिस्लीला तपासणी प्रमाणित करणारं वेगळं केंद्र उभं राहिलं. तपासणाऱ्यांना नमुन्यात काय दडलंय हे न सांगता त्यांची परीक्षा घ्यायची, हे त्याचं काम. साइझवेल बीची वीज १९९५ मध्ये ग्रिडला जोडली गेली. त्याआधी, १९९३ मध्ये, टॉफ्डसाठी बीएस ७७०६ हे ब्रिटिश मानक आलं होतं. आज ही पद्धत तेलशुद्धीकरण कारखान्यांपासून पाइपलाइनपर्यंत सगळीकडे चालते, आणि ती वापरणाऱ्या कित्येकांना तिचा जन्म अणुभट्टीच्या काळजीतून झाला हे माहीतही नसतं.

तिच्या मर्यादा मात्र तिच्या भूमितीतूनच येतात. वरचंच उदाहरण घ्या, फक्त टोक ५ मिलिमीटर खोलीवर ठेवा. संदेश १७.०३ मायक्रोसेकंदांना येईल. पृष्ठभागालगतची लहर १६.९५ ला येते. दोघांत फरक ०.०८ चा, आणि ५० लाख कंपनांच्या प्रोबची एकेक लहरच ०.२ मायक्रोसेकंद लांब. तडा पहिल्या लहरीच्या पोटात गडप. त्यामुळे प्रोबच्या बाजूच्या पृष्ठभागालगतच्या पट्ट्यासाठी दुसऱ्या प्रकारचे प्रोब लावावेच लागतात. कुठलाही शहाणा तपासणीस एकट्या टॉफ्डवर विसंबत नाही.

प्रत्यक्ष काम कसं चालतं? इंधन बदलण्यासाठी भट्टी थांबते, तेव्हा झाकण काढतात, इंधन बाहेर घेतात. पात्र पाण्यानं भरलेलं असतं आणि ते तसंच ठेवतात. पाणी किरणोत्सार अडवतं, आणि प्रोबला लागणारं माध्यमही फुकटात मिळतं. वरून एक लांब यांत्रिक हात खाली सोडतात, त्याच्या टोकाला प्रोबांचा संच. तो सांध्यांवरून पट्ट्यापट्ट्यानं फिरतो आणि माणसं दूर बसून पडदे बघतात. संपूर्ण पात्राची अशी फेरी साधारणपणे दहा वर्षांत एकदा. मागच्या फेरीतली खूण आणि या वेळची खूण शेजारी ठेवून ती वाढलीय का ते बघणं, हे यातलं सगळ्यांत मोलाचं काम. वेळ मोजणारी पद्धत इथे पुन्हा उजवी ठरते, कारण दहा वर्षांनी प्रोब बदलतो, माणूस बदलतो, पण पोलादातला आवाजाचा वेग तोच असतो.

आवाज मात्र जिथे पाठवाल तिथलंच सांगतो. अमेरिकेतल्या ओहायोच्या डेव्हिस-बेसी केंद्रात २००२ मध्ये दाबपात्राच्या झाकणातल्या नळ्यांची अल्ट्रासोनिक तपासणी झाली आणि काही नळ्यांत आरपार तडे सापडले. दुरुस्ती करताना एक नळी हलली. बघतात तो शेजारच्या झाकणाचं पोलाद भट्टीच्या पाण्यातून गळालेल्या बोरिक आम्लानं खाऊन खड्डा पडलेला, १५ सेंटिमीटरहून खोल. आतलं सुमारे साडेनऊ मिलिमीटरचं स्टेनलेस अस्तर तेवढं शिल्लक होतं, आणि सगळा दाब ते एकटं पेलत होतं. प्रोब नळीकडे बघत होता, झाकणाकडे नाही.

बेल्जियममध्ये याच्या नेमकं उलट झालं. डोएल ३ भट्टीत २०१२ मध्ये अस्तराखालच्या तड्यांचा शोध घेताना भिंतीतच हजारो खुणा उमटल्या. तिआंज २ मध्येही तेच. पद्धत आणखी कसून तपासल्यावर आकडे वाढून डोएलमध्ये १३,०४७ आणि तिआंजमध्ये ३,१४९ झाले. पात्र घडवताना पोलादात अडकलेल्या हायड्रोजननं केलेल्या त्या चपट्या फटी होत्या, भिंतीला जवळपास समांतर. समांतर असल्यामुळे पाण्याचा दाब त्यांना उघडत नाही, हा बचावाचा मुख्य मुद्दा. भट्ट्या थांबल्या, सुरू झाल्या, पुन्हा थांबल्या, आणि २०१५ च्या अखेरीला परत चालू झाल्या. या खुणा भट्टीच्या जन्मापासूनच्या होत्या असं ठरलं. त्या आधी कुणाच्या नोंदीत का नव्हत्या, हा प्रश्न कितीतरी दिवस गाजला.

टॉफ्ड जिथे खरंच अडखळतं ती जागा म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या पाइपांचे सांधे. तिथे वेल्डिंगचे धातुकण लांबट आणि भरड असतात. ते आवाज वाकवतात, विखुरतात, आणि टोकाचा क्षीण संदेश त्या खरखरीत बुडून जातो. २०२१ च्या अखेरीला फ्रान्समध्ये सिव्हो केंद्रातल्या, आणीबाणीत गार पाणी सोडणाऱ्या पाइपांमध्ये ताण आणि गंज यांनी मिळून पाडलेले तडे सापडले, तेव्हा अडचण नेमकी हीच होती. तडा आहे एवढं कळायचं. खोली कळायला पाइप कापून प्रयोगशाळेत न्यावा लागायचा. २०२२ मध्ये कितीतरी भट्ट्या तपासणीसाठी थांबवाव्या लागल्या, आणि पाइप न कापता खोली सांगणारी सुधारित अल्ट्रासोनिक पद्धत घाईनं उभी करावी लागली. २०२३ मध्ये पेनलीच्या पहिल्या भट्टीत २७ मिलिमीटर जाडीच्या पाइपात २३ मिलिमीटर खोल आणि १५५ मिलिमीटर लांब तडा आढळला. ज्या पाइपरेषेत तो होता तिला तिच्या आकारामुळे अशा तड्यांचा धोका नाही असं मानलं गेलं होतं. पण तो सांधा बांधकामाच्या वेळीच दोनदा दुरुस्त केलेला निघाला. त्यानंतर फ्रान्सनं तपासणीचा क्रम बदलला, आणि बांधकामात दुरुस्त झालेले सांधे यादीत वर आले.